पहिल्या फेरीतले एक मत

बेलफोर्ड, केंटकी
मंगळवार, २१ नोव्हेंबर

प्रिय मार्लिस,

तुझे पत्र आणि सोबतचे जुने फोटो शुक्रवारी मिळाले. गुडघ्याची शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली हे वाचून हायसे वाटले. डॉक्टरांनी दिलेली काठी प्रतिनिधिगृहाच्या पायऱ्यांवर वापरायला तू तयार नाहीस, याचे आश्चर्य मात्र वाटले नाही. इकडे सारे क्षेम आहे. परवा थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला माझी भाची ईडिथ मुलांना घेऊन येणार आहे. टर्की ती आणणार. मक्याचा ब्रेड आणि रताळी माझ्याकडे. गावच्या ग्रंथालयातले माझे वाचनमंडळ सुरळीत चालू आहे. सात बाया आणि एक बहिरे न्यायाधीश, एवढाच माझा आजचा मतदारसंघ. पण त्यांनी मला अजून पाडलेले नाही.

नॉर्डालच्या शाळेने नव्या सभागृहाला तुझे नाव द्यायचे ठरवले, ही बातमी आनंदाची आहे. समारंभात वाटायच्या पुस्तिकेसाठी चार पानांत तुझे चरित्र लिहून द्यावे, असे तू म्हणतेस. "माझ्यापेक्षा तुलाच ते जास्त पाठ आहे" हे तुझे वाक्य मी दोनदा वाचले. खरे आहे ते. चोवीस वर्षे मी तुझे आयुष्य पाठ करत आले आहे.

आरंभ असा केला आहे:

"मार्लिस ट्वेट यांचा जन्म मिनेसोटा राज्यातील नॉर्डालजवळ, गाई पाळून दूध विकणाऱ्या एका शेतकरी कुटुंबात झाला. चार भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. पहाटे धारा काढून मग शाळेला जाणे हा घरातील सर्वांचाच शिरस्ता होता. पुढे त्याच शाळेत त्यांनी नऊ वर्षे गृहविज्ञान शिकवले. गावातील लोण्याचा कारखाना एका सोमवारी अचानक बंद झाला, तेव्हा कुलूप लावलेल्या दारासमोर, पायरीवर उभे राहून त्यांनी केलेले भाषण हे त्यांचे पहिले राजकीय भाषण होय. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, अवघ्या चारशे बारा मतांच्या आधिक्याने, त्या प्रतिनिधिगृहावर निवडून आल्या. आज त्या त्याच गृहात आपल्या पक्षाच्या नेत्या आहेत."

ते भाषण तू कोणतीही तयारी न करता केले होतेस, हे मी लिहिलेले नाही. वाचणाऱ्याला ते खरे वाटणार नाही. मी तयारीशिवाय कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छाही दिलेल्या नाहीत.

नंतरचा परिच्छेद आपल्या पहिल्या वर्षांचा आहे. त्यात मी स्वतःला एकाच वाक्यात घेतले आहे: "त्या काळात केंटकीच्या सदस्या विनिफ्रेड स्कॉगिन्स यांच्यासमवेत त्या एका लहानशा घरात राहत असत." दोन खाटा, एक डुगडुगते टेबल आणि रात्रीच्या जेवणाला दुधात भिजवलेले मक्याचे पोहे, हे पुस्तिकेत शोभणार नाही. मी त्या टेबलावर तीनशे पानांचे विधेयक कलमवार वाचत बसलेली असे आणि तू बाहेरून येऊन, पायांतले बूट भिरकावून म्हणायचीस, "विने, हॉबर्टच्या आईला अर्धांग झालंय. उद्या त्याच्यापाशी विधेयकाचं नाव काढायचं नाही. आईचंच विचारायचं." दुसऱ्या दिवशी हॉबर्ट आपल्या बाजूने मत देई. कायद्याच्या परीक्षेत मी माझ्या वर्गात पहिली आले होते. तरी हॉबर्टच्या आईचा आणि धरणांच्या विधेयकाचा संबंध काय, ते मला कधी कळले नाही. तुला तो न शिकताच कळत होता.

ग्रामीण रुग्णालयांच्या कायद्याला मी पूर्ण अर्धे पान दिले आहे. ते तुझे सर्वांत मोठे काम. विधेयकाचा मसुदा कोणी लिहिला, याचा उल्लेख मी केलेला नाही. पुस्तिका तुझी आहे. राष्ट्राध्यक्षांनी ज्या पेनाने सही केली ते तुला मिळाले आणि तू ते सर्वांदेखत माझ्या हातात ठेवलेस. "हे विनीचं. मी नुसता हमाल," असे म्हणालीस. केवढ्या टाळ्या पडल्या! त्या तुझ्या मोठ्या मनासाठी होत्या. मी पेन घेतले आणि आभार मानले.

प्रतोदपदाच्या निवडणुकीचा परिच्छेद मात्र अजून जमलेला नाही. तूर्त "अकरा वर्षांपूर्वी पक्षाच्या प्रतोदपदासाठी त्यांनी निवडणूक लढवली, त्यात त्यांना थोडक्यात अपयश आले" एवढेच ठेवले आहे. तेवढे पुरे, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट. शनिवारी दुपारी ऑर्व्हिल प्रुएट आला होता. मिसुरीहून चार तास गाडी हाकत, मागच्या सीटवर पेकन अक्रोडांचे पोते घेऊन. आता थकला आहे. एकाहत्तर पूर्ण झाली. दारातच म्हणाला, "काय बाईसाहेब! निवडणूक हरल्यावर तरी पुस्तकं मिटाल असं वाटलं होतं." मी कॉफी केली. त्याने तीन चमचे साखर घातली आणि मुद्द्यावर यायला पाऊण तास घेतला. त्यात सोयाबीनचा भाव, नातवाचा बँड आणि स्वतःचे दोन दात, एवढे विषय झाले.

"विनी," शेवटी तो म्हणाला, "शेती समितीचं अध्यक्षपद रिकामं झालंय. सव्वीस वर्षं त्या समितीत बसलोय मी. ज्येष्ठतेनं माझाच नंबर. आणि ही शेवटची खेप. पुढच्या वेळी उभा राहणार नाही म्हणून रूबीला शब्द दिलाय. सात तारखेला सुकाणू समिती बसेल आणि मार्लिस मान हलवेल तसं होईल."

"मग तिच्याशीच बोल ना."

"बोलतो की! अकरा वर्षं बोलतोय. ती विचारते मिसुरीत पाऊस कसा आहे, मी सांगतो पाऊस कसा आहे." मग त्याने कप खाली ठेवला. "तिला वाटतं, प्रतोदपदाच्या मतदानात तिचं ते एक मत मी फोडलं. नाही गं फोडलं. शपथेवर सांगतो, मी मार्लिसलाच दिलं. पण दाखवू कसं? मतदान गुप्त, आणि चिठ्ठ्या तर त्याच संध्याकाळी जाळून टाकल्या. पुढच्या आठवड्यात, निवडून आलेल्या स्ट्राउडनं मला पाटबंधाऱ्यांच्या उपसमितीत घेतलं. त्याला वाटलं मी त्याचा माणूस. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही, एवढंच काय ते माझं पाप. तू तिची मतं मोजायचीस, विनी. तुझा शब्द ती मानते."

सांगते, असे मी त्याला म्हणाले. म्हणून सांगते आहे. ऑर्व्हिल लायक माणूस आहे. त्याचा विचार व्हावा.

मजकुरात काही बदल हवे असल्यास कळव. गुडघ्याला जप.

तुझी,
विनी


वॉशिंग्टन
बुधवार, २९ नोव्हेंबर

विने,

चरित्र वाचलं. अगं, चार पानांत मला इतकी गुणी बाई करून ठेवलीस की माझे भाऊ विचारतील ही कोण! एकाच्या पायावर मी दुधाची कासंडी टाकली होती, त्याचं हाड मोडलं होतं, ते नाही घातलंस? असू दे. तुझ्यासारखं कुणी लिहीत नाही. इथली पोरं भाषणं लिहितात ती औषधाच्या बाटलीवरच्या सूचनांसारखी असतात.

एकच दुरुस्ती. "थोडक्यात अपयश" म्हणजे काय? सरळ लिही की पहिल्या फेरीत मी एका मतानं बाहेर पडले, आणि ते मत शब्द दिलेल्या आपल्याच माणसानं फिरवलं. नाव घालू नकोस. ज्याला समजायचं त्याला समजेल. नॉर्डालच्या पोरींना कळू दे की आपल्याच माणसानं पाडलं तरी उठून उभं राहता येतं. पाच वर्षांत मी उठले की नाही? आणि उठले ती थेट पक्षनेती होऊनच.

ऑर्व्हिलचं म्हणशील तर, नाही.

मी डूख धरून नाही, विने. स्ट्राउड तर उघड माझ्याविरुद्ध लढला, त्याच्या निरोपाच्या जेवणाला मी रडले होते. पण ऑर्व्हिलनं माझा हात हातात घेऊन "हो" म्हटलं आणि आत जाऊन दुसऱ्याचं नाव लिहिलं. असल्या माणसाला समिती देऊन मी सभागृहात मतं कशी मोजायची? तेव्हा तूही तेच म्हणाली होतीस, आठवतं ना? माझ्या मनात आयडाहोचा हस्किन्स आहे. तरुण आहे, आळशी आहे, पण खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात. तेवढं मला पुरतं.

तुझ्याशिवाय इथं मजा नाही. मोजायला संगणक आहेत, पण खोटं कोण बोलतंय ते एकालाही कळत नाही. माझ्या दालनाशेजारची तुझी ती लहान खोली मी अजून कुणाला दिलेली नाही. तू सल्लागार म्हणून ये, महिन्यातून आठ दिवस तरी. विचार कर.

आणि नॉर्डालच्या समारंभात मुख्य भाषण तू करायचंस, हे ठरलं. नाही म्हणायचं नाही. ध्वनिक्षेपक चांगला मागवून घेते, म्हणजे तुझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाईल!

गुडघा छान आहे. काठी कुत्र्यानं खाल्ली.

तुझीच,
मार्लिस


बेलफोर्ड, केंटकी
सोमवार, ४ डिसेंबर

मार्लिस,

हे पत्र कचेरीच्या पत्त्यावर न पाठवता तुझ्या घरी पाठवते आहे. कचेरीत तुझे टपाल तुझ्याआधी चार जण उघडतात. तातडीच्या टपालाने ते बुधवारी दुपारी तुझ्या हाती पडेल. सुकाणू समिती गुरुवारी सकाळी दहाला बसते. म्हणजे वाचून विचार करायला तुला एक पूर्ण संध्याकाळ मिळेल.

इकडे बर्फ पडले नाही. ईडिथ येऊन गेली. तिच्या धाकट्याने रताळ्यांना हात लावला नाही. तू सुचवलेली दुरुस्ती करायला मी शनिवारपासून रोज सकाळी बसते आहे. "ते मत शब्द दिलेल्या आपल्याच माणसाने फिरवले." या वाक्यात बदलण्यासारखे काही नाही. प्रत्येक शब्द खरा आहे. तरीही ते मला लिहिता येत नाही.

त्या दिवशीचे तुला काय आठवते, ते मला ठाऊक नाही. मला काय आठवते, ते सांगते.

सकाळी आपण न्याहारीला बसलो होतो. तू अंडी अर्धी टाकलीस. घाबरलीस की तू तेवढेच करतेस. माझ्या हातात मतांचे कार्ड होते. दोनशे एक्कावन्न नावे. त्यांपैकी सत्त्याण्णव जणांनी तुला शब्द दिलेला. त्यातून मी नेहमीप्रमाणे लबाडांचे बारा वजा केले आणि पंच्याऐंशी धरले. स्ट्राउड एकशे दहाच्या आसपास, आणि बिचारा ड्वाइट ॲम्सलर छप्पन्न, फार तर साठ. पहिल्या फेरीत ज्याची मते सर्वांत कमी तो गळणार, म्हणजे ॲम्सलर गळणार. मग त्याची माणसे दुसऱ्या फेरीत तुझ्याकडे येणार. हिशेब चोख होता. तू कार्डावर हात ठेवून म्हणालीस, "विने, तू नसतीस तर मी अजून नॉर्डालला पोरींना पाव भाजायला शिकवत असते." ते तू मनापासून म्हणालीस. तू सगळेच मनापासून म्हणतेस.

नंतर तू सहज सांगितलेस की तुझ्या नावाची सूचना मांडणारे भाषण मी करायचे नाही. कोलोरॅडोचा गॅरेट मूडी करेल.

ते भाषण मी तीन आठवडे लिहीत होते. ते मीच करणार असे आपले ठरले होते. कुणी माझे कौतुक करावे अशी माझी इच्छा नव्हती, मार्लिस. तेरा वर्षे मी दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घालत आले होते. एकदा, फक्त एकदा, माझे शब्द मला माझ्या तोंडाने म्हणायचे होते. मी म्हणाले, "पण आपलं ठरलं होतं." तू माझ्या गालाला हात लावलास. "राजा, राग मानू नकोस. पश्चिमेकडची दहा मतं त्याच्यामागे आहेत. आणि खरं सांगू? तुझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात नाही गं."

मी हसले. माझा आवाज जात नाही, हे खरेच होते. तू कधी खोटे बोलत नाहीस, हीच तर तुझी अडचण आहे.

मूडीने माझा कागद वाचला. कुलूप लावलेल्या दारासमोरची ती पायरी, तुझ्या हातातले लाटणे, सारे त्याने म्हटले, आणि ज्या जागी मी श्वास घ्यायचा ठरवला होता त्याच जागी त्याने श्वास घेतला. सगळे उभे राहिले. शेवटची रांगसुद्धा. तू वळून त्यांच्याकडे पाहिलेस आणि तुझा चेहरा लहान मुलीसारखा झाला. टाळ्या माझ्या वाक्यांना, त्याच्या आवाजाला आणि तुझ्या आयुष्याला होत्या. त्या सभेत माझे म्हणून काही असेल, तर ते माझ्या मांडीवरचे कार्ड.

आणि मग मतपत्रिका वाटल्या.

मला तुझा पराभव नको होता. हे वाक्य मी अकरा वर्षे स्वतःला ऐकवत आले आहे आणि त्यात खोट नाही. मला तुझा विजय फक्त थोडा लहान हवा होता. पंच्याऐंशीच्या जागी चौऱ्याऐंशी. इतका लहान की तो तुला दिसूही नये, पण मला माहीत असावा. तू जिंकल्यावर सगळे तुझ्याभोवती गोळा होतील, तू मला मिठी मारशील, "हे सगळं विनीचं" असे पुन्हा सर्वांदेखत म्हणशील. आणि त्या वेळी माझ्यापाशी एक गोष्ट असेल, जी तू मला दिलेली नाही. दुसऱ्या फेरीत माझे मत तुलाच होते. पहिल्या फेरीतल्या एका मताने काही होत नाही, हे मला माझ्याच कार्डाने शिकवले होते.

मी ड्वाइट ॲम्सलरचे नाव लिहिले. चांगल्या अक्षरात लिहिले.

स्ट्राउडच्या लोकांनी वीस-बावीस मते मुद्दाम ॲम्सलरला उसनी दिली आहेत, ही कल्पना मला नव्हती. दुसऱ्या फेरीत त्यांना समोर तू नको होतीस. तो म्हातारा ॲम्सलर हवा होता. बारा लबाड मी वजा केले होते, पण स्ट्राउडची चलाखी धरली नव्हती आणि स्वतःला तर मुळीच वजा केले नव्हते. स्ट्राउड अठ्ठ्याऐंशी, ॲम्सलर ब्याऐंशी, ट्वेट एक्क्याऐंशी. मतमोजणी करणाऱ्या बाईने आकडे दोनदा वाचले. माझे एक मत तिकडून इकडे आणले की तू ब्याऐंशी आणि तो एक्क्याऐंशी. इतके सोपे गणित मी त्याआधी आयुष्यात केले नव्हते.

आता जे लिहायचे आहे, ते मताहून वाईट आहे.

तू सभागृहाबाजूच्या एका खोलीत गेलीस, तोंड धुतलेस, टॉवेल खुर्चीवर टाकलास आणि म्हणालीस, "कार्ड काढ." आपण सत्त्याण्णव नावे एकेक करून वाचली. दहा-बारा जण फिरले याबद्दल तुला मुळीच शंका नव्हती. ते लबाड आपण आधीच धरले होते. तुला हवे होते ते वरचे एक. ज्याने ते केले नसते तर पुरले असते, तो एक. प्रत्येक नावाला तू माझ्याकडे बघत होतीस. माझ्या नावावर तू थांबलीच नाहीस. बोटाने ओलांडून पुढे गेलीस, जसे पुस्तकात पानाचा आकडा ओलांडतात. तेव्हाही मला राग आला, हे सांगून टाकते. तुला माझा संशयसुद्धा आला नाही. दगा देण्याइतकीही मी तुझ्या लेखी कुणी नव्हते.

मग तू म्हणालीस, "ऑर्व्हिल? बाहेर पडताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही."

आणि मी म्हणाले, "शक्य आहे."

दोनच शब्द. त्याने तुझ्याकडे बघितले नाही, कारण तो रडत होता. मी त्याच्या मागच्याच रांगेत होते. मी ते पाहिले होते.

त्या संध्याकाळी मी तुझ्यासाठी कोंबडीचे सूप केले. तुझे बूट काढले. तू माझ्या खांद्यावर डोके ठेवून म्हणालीस, "विने, मी एवढी कशी गं मूर्ख!" आणि मार्लिस, तू हरलेली असताना त्या एका संध्याकाळी मी तुझ्यावर जितके प्रेम केले तितके त्याआधी किंवा त्यानंतर कधीही केलेले नाही. हे मला फार उशिरा उमगले, आणि उमगल्यापासून आरशासमोर उभे राहणे अवघड झाले आहे.

पुढे पाच वर्षांनी पक्षाने तुला एकमताने नेता केले. एकही विरोधी उमेदवार नव्हता. मला काही करायला वावच राहिला नाही. त्यानंतरच्या शरदात तू माझ्या प्रचाराला बेलफोर्डला आलीस. गुरांच्या बाजाराचे मैदान पहिल्यांदा भरले. लोक शनिवारी तुला बघायला आले आणि पुढच्या मंगळवारी मला पाडायला आले. तू फोनवर रडलीस. मी तुझी समजूत काढली.

ऑर्व्हिल माझ्या स्वयंपाकघरात बसून "मी मार्लिसलाच दिलं" असे म्हणत होता, तेव्हा मी काय केले ते मागच्या पत्रात लिहिले नव्हते. मी त्याला आणखी कॉफी हवी का, असे विचारले. तो "हो" म्हणाला. मी ओतली. जाताना त्याने माझे आभार मानले आणि पेकनचे पोते स्वतः उचलून आत आणून ठेवले. माझ्याच्याने उचलवणार नाही म्हणून.

आता मागणे.

शेती समिती ऑर्व्हिलला दे. उपकार म्हणून नको. ती ज्येष्ठतेने त्याची आहे आणि अकरा वर्षे त्याच्यापासून जे राखून ठेवले गेले ते माझ्या दोन शब्दांमुळे. हस्किन्स तरुण आहे. त्याचे कान आणखी वीस वर्षे लाल होत राहतील. समितीत कुणी विचारले की ट्वेट बाईंचे मन अचानक कसे पालटले, तर हे पत्र वाचून दाखव. हे खाजगी नाही. एक प्रत मी ऑर्व्हिललाही पाठवली आहे, याच टपालाने. त्याचे पाकीट आधी पेटीत टाकले, म्हणजे तुझ्या उत्तराची वाट पाहून मला कच खाता येणार नाही.

नॉर्डालला मी येणार नाही. पुस्तिकेतल्या त्या वाक्यात तुला नाव घालायचे असेल तर आता घाल. नको असेल तर "थोडक्यात अपयश" राहू दे. पण मग ते माझ्या भल्यासाठी राहू देते आहेस असे मला कळवू नकोस.

तुझ्या शेजारची ती लहान खोली कुणाला तरी देऊन टाक.

आणि एक विनंती, जी करण्याचा मला अधिकार नाही. मला क्षमा करू नकोस. निदान इतक्यात नको. मला ठाऊक आहे, बुधवारी रात्री तू दोन तास खोलीत येरझाऱ्या घालशील, कुत्र्यावर ओरडशील, आणि गुरुवारी सकाळी तुझे मन मोठे होईल. तुझे मन मोठे झाले की माझ्यासाठी जागा उरत नाही. चोवीस वर्षांत तू मला जे जे दिलेस ते मी घेतले. हे एवढे माझ्यापाशी राहू दे. हे मी केले आहे. कुणाच्या आवाजात नाही, कुणाच्या नावाने नाही. मला त्याची लाज वाटते, आणि ती लाज माझी आहे.

आजही, हे लिहितानाही, मला तुझा हेवा वाटतो: की असे पत्र तुला कधी कुणाला लिहावे लागले नाही.

मतपत्रिकेवर सही करायची नसते. या कागदावर करते आहे.

विनिफ्रेड ॲन स्कॉगिन्स